कॅराव्हॅनचा पलंग करकरतोय? तेल सगळ्यात शेवटी

पावसाळ्यात गगनबावड्याला मुक्काम पडलाय. पाऊस जरा उघडलाय, गाडीत चौघं आडवे झालेत. एकानं कूस बदलली की कर्रर्र, दुसऱ्यानं पाय लांब केला की टक्. पहाटेपर्यंत कुणाचा डोळा लागत नाही, आणि सकाळी टपरीवर चहा घेताना कुणीतरी हमखास म्हणतं, "तेल सोड की दोन थेंब, गप बसतंय."

गप बसतंही, आठ-पंधरा दिवस. मग त्या तेलात धूळ कालवली जाते, प्लायवूड काळं पडतं, गादीला डाग लागतात आणि आवाज परत येतो. त्याहून वाईट म्हणजे त्या तेलकट फळीवर नंतर फेल्टची (दाबून केलेल्या लोकरी कापडाची) पट्टी चिकटत नाही, आणि बहुतेक वेळा खरा उपाय तीच पट्टी असते. माझ्या आणि ओळखीच्यांच्या मिळून सात-आठ गाड्यांचे पलंग मी आजवर उघडले. बहुतेकांत कुणीतरी आधीच तेल सोडलेलं होतं आणि पहिला अर्धा दिवस ते काढण्यात गेला.

म्हणून क्रम आधीच सांगतो: रिकामं करा, ऐका, जागा शोधा, आवळा, अस्तर लावा. ग्रीस सगळ्यात शेवटी, आणि तेही लोखंडाच्या मोजक्या ठिकाणी. हा क्रम मोडला की काम दोनदा करावं लागतं.

इथं डोळ्यासमोर धरलेली गाडी म्हणजे मोठ्या व्हॅनमध्ये मिस्त्रीकडून करून घेतलेली कॅराव्हॅन: चौकोनी लोखंडी पाइपची चौकट, वर १२ किंवा १८ मिमी प्लायवूड, खाली सामानाचा कप्पा. मागे ओढायच्या कॅराव्हॅनलाही यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं.

एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. घरचा पलंग सपाट जमिनीवर उभा असतो, त्याला कुणी पिळत नाही. गाडीतला पलंग खाली तळाला आणि बाजूला भिंतीला जखडलेला असतो, आणि एक चाक खड्ड्यात गेलं की गाडीची अख्खी बॉडी किंचित पिळते. प्रत्येक सांधा केसभर हलतो, एका प्रवासात हजारो वेळा. त्यात एप्रिलच्या उन्हात बंद गाडीतलं लाकूड सुकून आकसतं आणि जुलैत फुगतं. घरच्या पलंगाला चार स्क्रू आवळून भागतं. इथं सांधा घट्टही हवा आणि जिथं दोन पृष्ठभाग घासणारच आहेत तिथं मध्ये काहीतरी मऊही हवं.

टप्पा १ : तयारी

प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी हे काम काढू नका. एक पूर्ण दिवस ठेवा, आणि स्क्रूची भोकं भरायची निघाली तर दुसरा दिवसही.

हत्यारं साधीच लागतात. दहा-अकराचा आणि बारा-तेराचा पाना प्रत्येकी दोन (६ मिमीच्या बोल्टला दहाचा लागतो, ८ मिमीच्याला तेराचा), चांगल्या तोंडाचा स्टार स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, खडू, ब्रश किंवा व्हॅक्यूम, १२० नंबरचा पॉलिश पेपर आणि पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाचे पाच-सहा तुकडे. दोन पाने यासाठी की एकानं बोल्टचं डोकं धरायचं आणि दुसऱ्यानं नट फिरवायचा. एकाच पान्यानं काम केलं की बोल्ट जागच्या जागी फिरतो आणि आपल्याला वाटतं आवळला.

सामानात २-३ मिमी जाडीची फेल्ट पट्टी, ईव्हीए फोमची (पाणी न पिणाऱ्या स्पंजसारख्या फोमची) टेप, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे), रुंद चपटे वॉशर, थोडे नायलॉनचे वॉशर, लाकडाचा डिंक, एक साधी पांढरी मेणबत्ती आणि पांढऱ्या ग्रीसची छोटी ट्यूब. आमच्या कोल्हापुरात नट-बोल्ट आणि वॉशर शिवाजी उद्यमनगरात मोजून मिळतात. जाताना जुना नट खिशात घालून न्या, आटे जुळतात का ते दुकानातच लावून बघा. फेल्ट, टेप, स्क्रू लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानात.

गाडी सपाट आणि शांत जागी लावा. रहदारीच्या रस्त्याकडेला हे काम होत नाही, कारण कानांवरच सगळं अवलंबून आहे. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे लावा.

सावधान: पलंगाखालच्या कप्प्यात बहुतेकांची बॅटरी, इन्व्हर्टर, पाण्याची टाकी किंवा गॅसची नळी असते. गॅस सिलिंडरचा कॉक बंद करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, सोलरचा आणि बाहेरून घेतलेल्या विजेचा स्विच बंद करा. बॅटरीच्या दोन टोकांवर लोखंडी पाना आडवा पडला तर क्षणात ठिणगी उडते आणि हात भाजतो. टोकांवर रबरी तुकडा झाकून ठेवा.

टप्पा २ : आवाज पलंगाचाच आहे ना?

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि काहीजण तो गाळल्यामुळे अख्खा पलंग उसकटून बसतात.

तुम्ही पलंगावर कूस बदलता तेव्हा फक्त पलंग हलत नाही. उभी गाडी आपल्या स्प्रिंगांवर डुलते. मागच्या पाट्यांमधले (लीफ स्प्रिंगांमधले) रबरी बुश सुकले असतील, पाट्यांच्या मधे गंज आणि चिखल बसला असेल, तर तिथून येणारी करकर तळातून वर चढते आणि ऐकणाऱ्याला ती गादीखालूनच आल्यासारखी वाटते.

तपासा: गाडी पूर्ण रिकामी करून, आत कुणीही नसताना, एकानं बाहेरून मागच्या कोपऱ्याला धरून गाडी वर-खाली आणि मग डावी-उजवी झुलवायची. दुसऱ्यानं मागच्या चाकाशी कान द्यायचा. रात्री येतो तसाच आवाज आला तर पलंगाला हात लावू नका. ते गॅरेजचं काम आहे. मात्र चाकाशी कान देणाऱ्यानं गाडीखाली शिरायचं नाही, आणि गाडी जॅकवर उचललेली असताना तर ही तपासणी करायचीच नाही.

काही गाड्यांना मागे टेकू असतात. ते असतील तर एक रात्र टेकू लावून आणि एक रात्र न लावता झोपून बघा. टेकू लावल्यावर आवाज गेला, तर दोष पलंगात नसून स्प्रिंगांत असण्याची शक्यता जास्त.

टप्पा ३ : गादी काढा, कप्पा रिकामा करा

आधी कप्पा. त्यात ठेवलेली घडीची खुर्ची, पाण्याचा कॅन, स्टेपनीचा जॅक यांपैकी काहीतरी पलंगाच्या फळीला खालून टेकलेलं असतं, आणि वर कुणी हललं की घासतं. सगळं बाहेर काढून परत एकदा पलंगावर झोपून बघा. दर चार-पाच गाड्यांमागे एक गाडी इथंच सुटते.

मग गादी. ती बाहेर जमिनीवर टाकून तिच्यावर बसा, लोळा. स्प्रिंगची गादी असेल तर आवाज तिचाच असू शकतो. फोमची असेल तर कव्हर बघा. रेक्झिनचं कव्हर सनमायकावर घासलं की चिरकतं, आणि उकाड्यात जास्तच. अशा वेळी गादी आणि फळीच्या मधे जुनी सुती चादर किंवा सतरंजी घाला. आवाज गेला तर तेवढ्यावर थांबा. ती चादर चार कोपऱ्यांना बांधली की काम संपलं.

गादी उचललीच आहे तर फळीवर हात फिरवा. ओलसर लागली, बुरशीचे काळे ठिपके दिसले, प्लायवूडचे थर सुटून कडा फुगलेल्या असल्या, तर त्या फळीवर पुढची मेहनत करू नका, फळी बदला. रात्रभर माणसांच्या श्वासाची आणि घामाची वाफ गादीखाली जाऊन थंड फळीवर बसते, आणि पावसाळ्यात ती सुकतच नाही. नवी फळी घालताना हवेसाठी भोकं पाडून घ्या किंवा सलग फळीऐवजी पट्ट्या घ्या.

टप्पा ४ : आवाज ओळखा

आपल्या भाषेत आवाजांना इतके शब्द आहेत की अर्धं निदान त्यांतच होतं. पण त्यासाठी नुसतं 'आवाज येतोय' म्हणून चालत नाही, कोणता आवाज ते नेमकं म्हणा.

करकर किंवा कर्रर्र, जरा जाडसर आणि लांबणारा: लाकूड लाकडावर किंवा लाकूड रंगवलेल्या लोखंडावर घासतंय. फळी चौकटीवर बसते ती जागा, किंवा फळीची कड भिंतीच्या पॅनलला लागते ती जागा. नवी कापशी (कोल्हापुरी) चप्पल घालून कुणी चाललं की येतो ना, अगदी तशाच जातीचा आवाज. दोन कोरडे पृष्ठभाग धरतात, सुटतात, परत धरतात.

चींऽ किंवा किर्र, बारीक आणि टोकदार: लोखंड लोखंडावर. बिजागरी, उचलायच्या पलंगाच्या पंपाची (झाकण उचलून धरणाऱ्या दांड्याची) गोटी, ओढायच्या पलंगाचं चॅनल. कधीकधी सनमायकावर कोरडं रबर.

टक्, एकदाच, वजन टाकताना किंवा काढताना: ढिला बोल्ट, किंवा फळीचा एक कोपरा अधांतरी आहे आणि वजन आलं की खाली आपटतो.

कट्कट्, दाबलं की आणि सोडलं की असं दोन्ही वेळा: वेल्डिंगचा टाका सुटलाय किंवा रिव्हेट ढिला झालाय. हा आवाज दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

खडखड फक्त गाडी चालताना येते आणि थांबली की बंद होते: तो पलंगाचा दोष नसतो. कप्प्याचं झाकण, ड्रॉवर किंवा कडी बघा.

दोन माणसं लागतात. एकानं पलंगावर एकाच जागी, एकाच पद्धतीनं वजन द्यायचं: आधी डोक्याकडचा डावा कोपरा, मग उजवा, मग मध्य, मग पाय. उड्या मारायच्या नाहीत. झोपेत माणूस जसा हळू वळतो तसा दाब द्यायचा. दुसऱ्यानं कप्प्यात डोकं घालून ऐकायचं आणि आवाज येईल तिथं खडूनं खूण करायची. मग जागा बदलून परत. दोघांच्या खुणा एकाच ठिकाणी आल्या तर ती जागा पक्की.

टप्पा ५ : नेमकी जागा पकडा

बंद पेटीसारख्या गाडीत कान फसतात. आवाज एका कोपऱ्यात होतो आणि पाइपमधून वाहून दुसऱ्याच टोकाला ऐकू येतो. खडूची खूण हा फक्त अंदाज. तो तीन प्रकारे पडताळून बघा.

पहिला, बोट. दाब देताना सांध्यावर बोट असं ठेवा की अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर येईल. हालचाल डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला लगेच कळते.

दुसरा, नळी. हातभर लांब रबरी किंवा पीव्हीसी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं सांध्याजवळ. नळी इंचभर सरकवली की आवाज वाढतो का कमी होतो हे स्पष्ट समजतं.

तिसरा, कागद, आणि माझा सगळ्यात भरवशाचा हाच. संशयित सांध्यात जाड कागदाचा तुकडा सरकवा आणि परत दाब द्या. आवाज थांबला तर जागा सापडली. थांबला नाही तर कागद काढून पुढच्या खुणेकडे जा. एका वेळी एकाच ठिकाणी कागद घाला. चार ठिकाणी एकदम घातले आणि आवाज थांबला तर नेमका कुठला सांधा होता ते कळणारच नाही.

डोळ्यांनी बघायच्या खुणाही आहेत. बोल्ट किंवा रिव्हेटच्या भोवती बारीक काळी-राखाडी पूड दिसली तर तो सांधा हलतोय, धातू झिजून ती पूड पडते. रंगवलेल्या पाइपवर एखादा चकचकीत घासलेला पट्टा असेल तर तिथं फळी सरकते. वेल्डिंगच्या कडेला रंगात केसासारखी चीर आणि तिच्यातून गंजाची रेघ आली असेल, तर टाका तुटलाय.

सावधान: टाका तुटला असेल तर वेल्डिंग गाडीच्या आत करून घेऊ नका. ठिणग्या प्लायवूडवर, फोमवर, वायरिंगवर पडतात, आणि गाडीच्या इलेक्ट्रॉनिक भागांनाही त्या करंटचा धोका असतो. चौकटीचा तेवढा भाग खोलून उद्यमनगरात न्या आणि बाहेर जोडून आणा. खोलायला तास जास्त लागेल. तो लागू द्या. एका ओळखीच्या गाडीत "पाचच मिनिटांचं काम हाय" म्हणत कारागिरानं आतच टाका मारला आणि गादीच्या कव्हरला भोकं पडली. आग लागली नाही हेच नशीब.

टप्पा ६ : आधी ढिलं करा, मग आवळा

इथं सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश वाचा.

पलंग बसवताना चौकट थोडी पिळलेल्या अवस्थेत जखडली गेली असेल, तर तुम्ही बोल्ट जितके जास्त आवळाल तितका तो पीळ पक्का होतो. एक कोपरा कायम ताणलेला राहतो आणि तोच करकरतो. म्हणून आधी चौकटीचे सगळे बोल्ट अर्धा-पाऊण फेरा ढिले करा, काढू नका. चौकट हातानं हलवून आपोआप बसू द्या. चारही पाय तळाला टेकतात का ते बघा. एखादा पाय अधांतरी असेल तर त्याच्याखाली नायलॉनचा किंवा लोखंडी वॉशर सरकवा. पुठ्ठ्याची घडी घालू नका. ती ओल धरते आणि महिन्याभरात चेपते.

मग आवळायचा क्रम खालून वर: तळाचे बोल्ट, मग चौकटीचे सांधे, मग भिंतीचे, सगळ्यात शेवटी फळीचे. आणि चाकाचे नट आवळतो तसं समोरासमोर, एका दमात एक बोल्ट पूर्ण न आवळता दोन फेऱ्यांत.

लोखंडाला लोखंड जोडलेलं असेल तिथं साधे नट काढून नायलॉक नट घाला. जुने, दोन-तीनदा काढलेले नायलॉक परत वापरू नका, त्यांतलं नायलॉन सैल झालेलं असतं. लाकडावर नट बसतो तिथं खाली रुंद वॉशर पाहिजेच, नाहीतर नट लाकडात रुततो आणि दोन प्रवासांत परत ढिला. आवळताना वॉशरच्या कडेनं प्लायवूड चेपायला लागलं की थांबा.

स्क्रू नुसताच गरगर फिरत असेल तर भोक मोठं झालंय. तिथं जाड स्क्रू घालायचा मोह होतो, पण प्लायवूडच्या कडेला त्यानं थर फाटतात. बांबूच्या बारीक काड्या डिंकात बुडवून भोकात ठासून भरा, वर आलेल्या कापा, २४ तास सुकू द्या. पावसाळी हवेत थोडं जास्तच. मग ४ मिमीच्या स्क्रूसाठी २.५ ते ३ मिमीचं भोक पाडून जुनाच स्क्रू बसवा. जिथं वजन येतं तिथं मात्र स्क्रूवर विसंबू नका, आरपार बोल्ट घाला.

सावधान: तळात किंवा भिंतीत नवं भोक पाडण्याआधी पलीकडे काय आहे ते डोळ्यांनी बघून घ्या. तळाखाली डिझेलची टाकी, ब्रेकची नळी, वायरींचा जुडगा असतो. ड्रिलच्या पात्यावर हव्या त्या खोलीला टेप गुंडाळा. सीट बेल्टचे बोल्ट पलंगाच्या चौकटीजवळ असले तरी त्यांना हात लावायचा नाही.

तपासा: आवळून झाल्यावर प्रत्येक बोल्टच्या नटावरून चौकटीपर्यंत रंगाची किंवा मार्करची एक सरळ रेघ ओढा. पुढं कधीही नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. याला दोन मिनिटं लागतात आणि पुढच्या वर्षभराचा अंदाज त्यावर बांधता येतो.

आता फळी तशीच ठेवून एकदा दाब देऊन बघा. टक् आणि कट् हे आवाज इथं संपायला हवेत. ते अजून येत असतील तर पुढं जाऊ नका, परत टप्पा ५ ला जा. अस्तर लावून ते दबतील, पण आतला ढिला सांधा झिजत राहील.

टप्पा ७ : अस्तर

उरली करकर. तिच्यावर उपाय एकच: जिथं दोन कडक पृष्ठभाग एकमेकांवर बसतात तिथं मध्ये अस्तर.

फळी पूर्ण काढा. चौकटीच्या पाइपवरची धूळ, जुनी टेप, गंज पॉलिश पेपरनं काढा. आधी तेल सोडलेलं असेल तर स्पिरिटनं दोन-तीनदा पुसा. दारं-खिडक्या सताड उघड्या, आसपास विडी-सिगारेट नाही. पुसलेली जागा पूर्ण सुकू द्या. चिकटवायच्या जागेवरून बोट फिरवल्यावर बोटाला काहीच लागलं नाही पाहिजे.

पट्टी कशाची? फेल्ट लाकूड आणि लोखंडाच्या मधे सगळ्यात शांत. पण फेल्ट पाणी पितं. म्हणून दाराजवळ, तळालगत, पाण्याच्या टाकीशेजारी ईव्हीए फोम, आणि वरच्या कोरड्या भागात फेल्ट. सायकलची जुनी ट्यूब बरेच जण कापून लावतात. ती चालते, पण फक्त तिची एक बाजू चिकटवलेली आणि दुसऱ्या बाजूला कच्चं लाकूड असेल तर. सनमायकावर किंवा गुळगुळीत रंगावर कोरडं रबर स्वतःच चिरकतं. चप्पल लाईनमधून (कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजारातून) चामड्याचे तुकडे आणून लावायचा सल्लाही इथं मिळतो. मी लावून बघितलेत. कोरडं चामडं करकरतं, आणि पायातल्या चपलेला तो आवाज शोभत असला तरी गादीखाली नको. शिवाय पावसाळ्यात त्याला बुरशी येते.

पट्टी पाइपच्या वरच्या पृष्ठभागावर सलग लावा. तुकडे-तुकडे लावले की मधल्या जागेत फळी वाकून पाइपला टेकते. कोपऱ्यात पट्ट्या एकमेकींवर चढवू नका, तिथं उंचवटा होऊन फळी डगमगते. कापून टोकाला टोक भिडवा. लावल्यावर कापडानं जोरात दाबून घ्या आणि काही तास वजन टाकू नका.

भिंतीची बाजू वेगळी आहे. तिथं नुसतं अस्तर नको, आधी फट हवी. फळीची कड आणि भिंतीच्या पॅनलमधे ३ ते ५ मिमी मोकळी जागा ठेवा. उन्हाळ्यात बसवलेली फळी पावसाळ्यात फुगते, आणि फट नसेल तर ती भिंतीला रेटून करकरते. जूनमधे अचानक सुरू झालेला आवाज बहुतेक वेळा हाच असतो. फट नसेल तर फळीची कड रंधून घ्या, कडेला सीलर किंवा वॉर्निश मारा आणि फटीत हवं तर फेल्टची उभी पट्टी लावा.

त्या फटीत फुगणारा पीयू फोम कधीही भरू नका. तो सुकल्यावर कडक होतो, स्वतः करकरतो, वरून ओल धरून ठेवतो, आणि पुढच्या वेळी फळी काढायला गेलात की पॅनल उचकटून निघतं.

पट्ट्यांचा पलंग असेल तर प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना फेल्ट गुंडाळा किंवा प्लॅस्टिकच्या टोप्या तपासा. तडकलेली एक टोपीसुद्धा रात्रभर बोलते. पट्टी मधेच चिरलेली असेल तर ती चिकटवून चालत नाही, बदला.

जेवणाचं टेबल खाली उतरवून होणाऱ्या पलंगात टेबलाची फळी बाजूच्या रिपांवर टेकते. तिथं रिपांवर फेल्ट लावा, आणि टेबलाच्या पायाचा खोबणीतला ढिलेपणा टेपचे दोन-तीन वेढे देऊन काढा. बाकी काही लागत नाही.

टप्पा ८ : आता ग्रीस

लोखंडाच्या हलत्या भागांनाच, आणि अगदी थोडं.

बिजागरीची जुनी घाण पुसून पिनेवर पांढरं ग्रीस काडीनं लावा, चार-पाच वेळा उघड-झाप करा, बाहेर आलेलं पुसून टाका. ओढायच्या पलंगाचं चॅनल आधी ब्रशनं साफ करा. वाळूचे कण असताना ग्रीस घातलं तर तो लेप पॉलिश पेपरसारखा घासतो.

उचलायच्या पलंगाला ज्याला आपण पंप म्हणतो तो गॅसच्या दाबाचा दांडा असतो. त्याच्या दोन्ही टोकांच्या गोट्यांना कणभर ग्रीस लावा. चकचकीत दांड्याला काही लावू नका, पुसा फक्त.

सावधान: पंप काढायचा असेल तर आधी झाकणाला जाड लाकडी टेकू द्या, एका माणसाला झाकण धरून उभं करा, मगच क्लिप सोडा. पंप गेल्यावर झाकणाचं सगळं वजन थेट डोक्यावर येतं. आणि पंपाला भोक पाडायचं नाही, तापवायचं नाही, उघडायचं नाही. आत दाबाखालचा गॅस असतो. पंप ढिला पडला असेल तर नवा घ्या.

लाकूड लाकडावर सरकणं भागच असेल, उदाहरणार्थ ओढायच्या पट्ट्या एकमेकींमधून जातात तिथं, तर कोरडी मेणबत्ती घासा. लाकडाला तेल नाही, ग्रीस नाही. सिलिकॉनचा स्प्रेही लाकडावर मारू नका. त्या जागेवर पुढं ना रंग धरतो ना डिंक.

टप्पा ९ : जोडणी आणि चाचणी

फळी बसवा, स्क्रू समोरासमोर आवळा, गादी टाका. मग परत टप्पा ४ मधलीच चाचणी, त्याच माणसानं, त्याच कोपऱ्यांवर. दिवसा आवाज गेला म्हणून खूश होऊ नका. रात्री गाडी थंड झाल्यावर परत एकदा झोपून बघा. उन्हात लोखंड तापून किंचित फुगलेलं असतं, थंडीत सांधे वेगळे बसतात.

बॅटरीची वायर परत जोडा. गॅसचा कॉक उघडून जोडणीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, कारण कप्प्यात काम करताना नळीला धक्का लागलेला असू शकतो.

मग रस्त्यावर. महामार्गावर सरळ चालवून काही कळत नाही, गाडी पिळली पाहिजे. मी पन्हाळ्याच्या रस्त्यानं वाघबीळचा चढ चढून वर जातो आणि परत येतो. वळणं, चढ, उतार सगळं तासा-दोन तासांत मिळतं. कप्पा आधी रिकामा ठेवून एक फेरी, मग नेहमीचं सामान भरून दुसरी. दुसऱ्या फेरीतच आवाज आला तर दोष सामान लावण्यात आहे. जड सामान फळीला न टेकवता तळाशी बांधा, मधे सतरंजी घाला.

घरी आल्यावर गादी उचलून मार्करच्या रेघा बघा. एक-दोन नट सरकलेले असणं नेहमीचंच, पहिल्या प्रवासात सांधे बसतात. ते आवळा, जुनी रेघ पुसून नवी ओढा. त्यानंतर पहिल्या मोठ्या प्रवासानंतर एकदा, आणि दरवर्षी मेच्या शेवटी, पहिला पाऊस पडायच्या आत एकदा. तेव्हाच भिंतीकडची फटही बघून घ्या. फटीत कागद सहज सरकत नसेल तर कड त्याच दिवशी रंधून घ्या.